शेरीफ हीहॉचा तिसरा जीव

१

अकरा जानेवारीला, सकाळी अकराच्या सुमारास, बिवलकरांच्या घरात एका गाढवाचा जीव गेल्याचं उघडकीला आलं.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी सोय नाही. गाढव व्हिडिओ गेममधलं होतं, हे खरं. डोक्यावर तपकिरी हॅट, छातीवर चांदणीचा बिल्ला, कमरेला पिस्तूल, आणि गोळी सुटली की स्वतःच दचकून कान ताठ करणारं. नाव शेरीफ हीहॉ. काउबॉयांच्या मुलखात निवडुंगांवरून उड्या मारत कोल्ह्यांच्या टोळीला पळवून लावायचं, हे त्याचं काम. शहाण्णव साली विंग कमांडर नरेश बिवलकर परदेशातला एक कोर्स संपवून येताना मुलांसाठी तो गेम यंत्रासकट घेऊन आले. 'ओरियन सिक्स्टीन' नावाचं ते यंत्र काढणारी कंपनी वर्षभरात बुडाली. त्यामुळे अख्ख्या चंदीगडात तसलं यंत्र दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, आणि कॅसेटची अदलाबदल करायला मित्रही मिळेना. एकच यंत्र, एकच कॅसेट. त्या कॅसेटच्या पोटात बटणाएवढा एक सेल होता, आणि त्याच्या जोरावर सोमूचा अर्धवट डाव अजून शाबूत होता.

सोमू म्हणजे सौमित्र, नरेशराव आणि सरोजबाईंचा धाकटा. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये भर दुपारी सायकलवरून जाताना मोठ्या रस्त्यावर ट्रकखाली आला. बारा वर्षांचा होता.

तेव्हापासून दर अकरा जानेवारीला, म्हणजे सोमूच्या वाढदिवसाला, या घराचा एक नेम होता. नरेशराव जुना डबा टीव्ही पुसून घ्यायचे, यंत्र जोडायचे. पडद्यावर गाढव नाचायचं, बॅन्जोची ट्यून वाजायची. मग डावांची यादी यायची आणि तिच्यात एकच ओळ असायची: सोमू, सातवा टप्पा, तीन जीव, एकतीस तास बेचाळीस मिनिटं. जीव म्हणजे लाल बदाम. सरोजबाई स्वयंपाकघरातून शेवयांच्या खिरीची वाटी आणून टीव्हीपुढे ठेवायच्या. नरेशराव पडद्याचा फोटो काढायचे. की झालं, बंद. 'स्टार्ट' कुणीही दाबायचं नाही.

यंदा सोमू चाळीस वर्षांचा झाला असता. थोरली बहीण देवयानी मोहालीहून लेकीला, पूर्वीला, घेऊन आली होती. सोमूचा बालमित्र देवदत्त नेहमीप्रमाणे हजर होता.

"अरे, आवाज कुठे गेला?" नरेशराव ओरडले. विमानांच्या इंजिनांनी त्यांचे कान केव्हाच खाल्ले होते, त्यामुळे ते सगळंच ओरडून बोलायचे. टीव्हीचं बटण पार शून्यावर होतं. त्यांनी ते शेवटापर्यंत फिरवलं आणि बॅन्जो घरभर दणाणला. ट्यून संपता संपता सरोजबाई वाटी घेऊन बाहेर आल्या, दरवर्षी येत तशाच.

"आजोबा," पूर्वी म्हणाली, "ये तो दो हैं."

सगळे वाकून बघायला लागले. सोमू, सातवा टप्पा. जीव दोन. एकतीस तास एकोणपन्नास मिनिटं. नरेशरावांनी मोबाइलमध्ये गेल्या वर्षीचा फोटो काढून शेजारी धरला. तीन आणि बेचाळीस. खिरीची वाटी सरोजबाईंच्या हातातून कलंडली आणि गालिचावर शेवया पसरल्या.

"कुणी हात लावला?" नरेशरावांचा आवाज एकदम स्क्वाड्रनपुढे उभा राहिल्यासारखा झाला. "माझ्या पोराचा डाव कुणी खेळला?"

मग त्यांनी लेकीकडे बोट केलं. "तू त्या आयटी पार्कात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतेस ना? मग ही शोध. मला नाव पाहिजे."

देवयानीने मान हलवली. तिच्या तळव्यांना घाम फुटला होता, आणि बाहेर धुक्यात पारा सहावर होता. कारण 'स्टार्ट' दाबल्यावर पडद्यावर काय दिसतं, हे या घरात फक्त तिला ठाऊक होतं. निदान परवापरवापर्यंत तरी.

२

आता हे सांगूनच टाकावं, कारण देवयानीने सत्तावीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्या जूनच्या दुपारी नरेशराव ड्युटीवर होते आणि सरोजबाई शाळेत पेपर तपासायला गेल्या होत्या. घरी दोन मुलं. संध्याकाळी घर माणसांनी भरलं तेव्हा कुणीतरी देवयानीला विचारलं, "तो गेला तेव्हा तू कुठे होतीस ग?" पंधरा वर्षांची पोर ती, तोंडून निघून गेलं, "मी झोपले होते. तो कधी गेला ते कळलंच नाही."

एकदा बोललं ते बोललं. दुसऱ्या दिवशी ते पोलिसांना सांगावं लागलं, तेराव्याला आत्याला, आणि मग ते घरातल्या भिंतीसारखं पक्कं झालं.

पण कॅसेटला खोटं बोलता येत नव्हतं. सोमूचा तो डाव दोघांचा होता, जीवही दोघांत सामाईक. गाढवाबरोबर एक कोंबडी असते, लाल झालरीची टोपी घातलेली, शेरीफची मदतनीस. गाढवाच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत 'सोमू' लिहिलेलं, आणि कोंबडीच्या डोक्यावर 'ताई'. यादीत मात्र फक्त सोमूचं नाव येतं. म्हणून तो गेल्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला नरेशरावांचा अंगठा 'स्टार्ट'कडे गेला तेव्हा देवयानीच किंचाळली होती, "नको बाबा! दाबलं तर सगळं पुसलं जाईल!" घरातल्या त्या पवित्र नेमाचं मूळ हे असं होतं. दर अकरा जानेवारीला सगळ्यांचे डोळे भरायचे आणि देवयानी वडिलांच्या अंगठ्यावर नजर ठेवायची. पुसून टाकायचा विचार कितीदा मनात आला, पण सोमूचं एवढंच तर उरलं होतं. ते पुसायला हात धजला नाही.

आणि आता कुणीतरी 'स्टार्ट' दाबलं होतं. कुणाला तरी कळलं होतं, आणि तो माणूस गप्प होता.

त्या दिवशी जाताना तिने यंत्राचं खोकं आवरलं. थर्माकोलमध्ये दोन रिमोटच्या दोन खाचा होत्या. एकीत रिमोट होता. दुसरी खाच रिकामी.

३

"ताई, मी फक्त कॅसेटचे पाय स्पिरिटने पुसले," देवदत्त म्हणाला.

सेक्टर एकोणचाळीसमधल्या, जंतूंवर संशोधन करणाऱ्या त्याच्या संस्थेच्या हिरवळीवर दोघं चहा घेत बसले होते. चार दिवसांनी ऊन पडलं होतं, त्यामुळे सगळे शास्त्रज्ञ जंतूंना आत सोडून बाहेर येऊन बसले होते.

"कधी?"

"वीस डिसेंबरला. काकांनीच बोलावलं होतं, चित्र थरथरतंय म्हणून. मी लावून बघितलं तेव्हा तीन जीव होते, पक्का. काकांना ऐकू जावं म्हणून आवाज फुल केला होता."

"म्हणजे वीस डिसेंबर ते अकरा जानेवारी." देवयानी बोटांवर मोजत होती. ऑफिसात ती हेच करते, शेवटचं ठीक कधी होतं आणि पहिल्यांदा बिघडलेलं कधी दिसलं. "घरी कोण कोण होतं?"

"काका, पूर्वी. काकू भाजी आणायला गेल्या होत्या, चहाच्या वेळी आल्या." देवदत्तने कप खाली ठेवला. "ताई, तेव्हा मी एक गोष्ट सगळ्यांना सांगितली. तुला सांगणार होतो, धीर झाला नाही. तो सेल मरायला टेकलाय. पुढचा वाढदिवस बघेल असं वाटत नाही. बदलायला जावं तर आतलं सगळं पुसलं जायची भीती."

देवयानीला क्षणभर हायसं वाटलं. सेल मेला की कोंबडीही गेली, ताईही गेली, कायमची सुटका! आणि पुढच्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली. भावाची शेवटची खूण जाणार, आणि ही बया मोकळी होणार म्हणून खूश!

"तू कधी खेळलास रे तो गेम? सोमूबरोबर?"

"मी? हात तरी लावू द्यायचा का तो! 'हा घरचा गेम आहे' म्हणायचा. मी मागे बसून बघायचो." देवदत्त हसला आणि मग त्याचे डोळे भरून आले. "मला खेळायचं असतं ना, ताई, तर मी काकांना विचारून, सगळ्यांसमोर खेळलो असतो. चोरून नाही."

ते तिला पटलं. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा कसा असतो, हे ती रोज आरशात बघत होती.

संध्याकाळी मोहालीला परतताना तिने गाडीत पूर्वीला घेरलं. शाळा सुटल्यावर पूर्वी रोज आजीकडे असायची, म्हणजे संधी भरपूर.

"मैंने नहीं खेला, मम्मा. पक्का." पूर्वीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून यायची हिंदी. "आजोबा से पूछा था. सेल मरने से पहले एक वीडियो तो बना लें? उन्होंने डाँट दिया."

"मग त्यांचं लक्ष नसताना..."

"मैं खेलती तो जान जाती क्या? दो-चार बढ़ जातीं." बारा वर्षांच्या पोरीला अपमान सहन होत नव्हता. "और वॉल्यूम ज़ीरो किसने किया? म्यूज़िक के बिना कौन खेलता है, यार?"

देवयानीने गाडीचा वेग कमी केला. खरंच की. आवाज कुणी आणि कशाला बंद केला?

"साइकिल तुम नहीं देती," मागून पुटपुट आली, "गेम आजोबा नहीं देते. इस घर में बच्चों को कुछ भी अलाउड नहीं है."

देवयानीने आरशात तिच्याकडे बघितलं. सोमूही बाराच वर्षांचा होता.

४

नरेशराव व्हरांड्यात उन्हाला पाठ करून शेंगा फोडत बसले होते. कानातलं मशीन शर्टाच्या खिशात होतं. ते त्यांना कानात कमी आणि खिशात जास्त आवडायचं.

"माझ्यावर संशय?" ते गरजले. "बापावर?"

"सगळ्यांनाच विचारतेय, बाबा!" तिलाही ओरडावं लागलं.

"विचार, विचार. विचारायलाच पाहिजे." त्यांनी टरफलं झटकली. मग जरा वेळाने, त्यांच्या मानाने हळू, म्हणाले, "बसलो होतो मी. देवदत्त सेलचं सांगून गेला ना, त्यानंतर दोन दिवस त्या टीव्हीपुढे बसलो. म्हटलं, सातवा टप्पा आपण पुरा करावा. पोराचं राहिलंय. पण बोट काही चालेना. विमानं दुरुस्त केली आयुष्यभर, आणि एक गाढव चालवता येईना."

"मग आवाज तुम्ही बंद केला होता का?"

"आवाज? आवाज बंद करून मी बातम्यासुद्धा बघत नाही! बिनआवाजाचं यंत्र म्हणजे बिघडलेलं यंत्र." त्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे तिच्या हातावर ठेवले. ती लहान असल्यापासून ते असंच करायचे. "कार्ट्याने एकदा सांगितलं असतं ना... 'जातोय' एवढा एक शब्द. मी सायकल देताना बजावलं होतं, घरात सांगितल्याशिवाय फाटकाबाहेर जायचं नाही. नाही ऐकलं. न सांगता गेला."

हे वाक्य देवयानीने सत्तावीस वर्षांत किती वेळा ऐकलं होतं, त्याला गणती नाही. लग्नात ऐकलं, पूर्वीच्या बारशाला ऐकलं. दर वेळी ती खाली मान घालायची आणि लोकांना वाटायचं, बहीण आहे, दुःख होणारच. आज तळहातावरचे दाणे तिला चावता येईनात.

"बाबा, मी..."

"अं?"

"काही नाही!"

नरेशरावांनी पुढची शेंग घेतली.

५

गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नरेशराव कानाच्या डॉक्टरकडे गेले होते, पूर्वी शाळेत होती, सरोजबाई मागच्या अंगणात लोकरीचं विणकाम घेऊन उन्हात बसल्या होत्या. देवयानीने बैठकीत यंत्र जोडलं.

तिच्या धंद्यात एक नियम आहे. चूक स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचं नाही. बाकी सगळ्यांना तिने प्रश्न विचारले होते, फक्त कॅसेटला विचारायचं टाळत होती. खरं तर आईलाही विचारलं नव्हतं. आईपुढे बसून 'तू होतीस का' म्हणायचं म्हणजे आईने उलट 'आणि तू?' म्हणायचं.

ट्यून वाजली, यादी आली. दोन जीव. तिने डोळे मिटले आणि 'स्टार्ट' दाबलं.

लाकडी वेशीजवळ पाण्याचा हौद. हौदाशी शेरीफ हीहॉ उभा, डोक्यावर 'सोमू'. शेजारी कोंबडी, डोक्यावर 'ताई'. दोघंही श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत होती, सत्तावीस वर्षांपूर्वी घ्यायची तशीच. तिने पदर... नव्हता, स्वेटरची बाही तोंडात कोंबली.

आणि मग तिला जमिनीवर ती टोपी दिसली.

या खेळात जो मरतो त्याची टोपी तिथेच पडून राहते. गाढव मेलं तर तपकिरी हॅट. इथे हौदाच्या डावीकडे, दोन पावलांवर, लाल झालरीची टोपी पडली होती. कोंबडीची!

देवयानी गुडघ्यांवर बसून राहिली आणि डोकं आपोआप चालायला लागलं. मेलं ते गाढव नव्हतंच. कोंबडी मेली, तीही पहिल्याच पडद्यावर, जिथे ना कोल्हा ना खड्डा. तिथे मरायची एकच रीत. गाढव पुढे निघालं, पडदा सरकला, कोंबडी जागची हलली नाही, आणि पडद्याच्या कडेने तिला चिरडलं. दुसरा रिमोट कुणाच्या हातात नव्हता. म्हणजे खेळणाऱ्याला या खेळाचा ओ की ठो माहीत नव्हता. पूर्वी असती तर तिने दोन सेकंदांत ओळखलं असतं. देवदत्तने सोमूच्या मागे बसून हे शंभर वेळा बघितलं होतं.

गाढव दोन पावलं चालायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. आणि घड्याळ सात मिनिटं पुढे गेलं होतं. उरलेला सगळा वेळ तो माणूस या हौदापुढे नुसता बघत बसला होता.

बाबा? पण आवाज शून्यावर होता. ठार बहिऱ्या माणसाने आवाज कशाला घालवायचा? आणि घरात दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून म्हणावं, तर ट्यून 'स्टार्ट'च्या आधीच वाजते, आणि यादीपर्यंत बघायला या घरात चोरी कसली होती? नाही. आवाज ज्याने बंद केला, त्याला ती ट्यूनच नको होती. ती ट्यून ज्याला ऐकवत नाही. दरवर्षी जे माणूस ट्यून सुरू व्हायच्या आत स्वयंपाकघरात जातं आणि संपल्यावरच वाटी घेऊन बाहेर येतं.

"ती कोंबडी आपली आपण चालत नाही, देवू," मागून आवाज आला. "मी खूप वाट बघितली."

६

सरोजबाई दारात उभ्या होत्या. विणकामाची पिशवी हातात होती.

"आई..."

"थांब. आधी माझं ऐक." त्या दिवाणाच्या कडेला टेकल्या. नजर पडद्यावर होती. "देवदत्त म्हणाला, सेल जाणार. म्हटलं, जायच्या आधी माझ्या पोराने शेवटचं काय बघितलं ते एकदा मी बघीन. पुसलं जाईल म्हणतेस तू, पण नाहीतरी जाणारच आहे. हे फिरायला गेले होते. आवाज बंद केला, कारण ती मेली ट्यून त्या दिवशी मी घरी आले तेव्हाही वाजत होती. टीव्ही तसाच चालू होता, पडद्याकडे बघायचं भान कुणाला होतं." त्यांनी नाक पुसलं. "आणि बघते तर हा उभा, आणि शेजारी तू."

देवयानीने हातातला रिमोट खाली ठेवला.

"मला वाटलं, असेल, आधी कधी खेळली असशील. म्हणून त्याला जरा पुढे नेलं. तर ती कोंबडी मेली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की हा डाव एकट्याला खेळताच येत नाही. त्या दिवशी सकाळी मी शाळेत जाताना तो माझ्या मागे मागे फाटकापर्यंत आला होता. 'आई, सहावा टप्पा सुटत नाही ग.' आणि यादीत सातवा. सत्तावीस वर्षं मी समजत होते, एकट्याने सोडवला असेल." त्यांनी पहिल्यांदा लेकीकडे बघितलं. "तू झोपली नव्हतीस."

"झोपले होते." देवयानीचा आवाज फाटला. "नंतर झोपले. आई, आम्ही सहावा जिंकलो. तो नाचत होता नुसता. म्हणाला, आता सातवा. मी म्हटलं, आधी मटका कुल्फी आणून दे, मगच खेळते. उकडत होतं. तो म्हणाला, बाबा ओरडतील. मी म्हटलं, मी सांगीन त्यांना, तू जा. मग त्याने चपला घातल्या आणि दारातून..." ती हुंदके द्यायला लागली. "दारातून म्हणाला, 'ताई, आईला सांग हं, मी सांगून गेलोय म्हणून.' आणि मी पंख्याखाली आडवी झाले आणि मला झोप लागली, आई. खरंच झोप लागली. फोन वाजला तेव्हा जाग आली."

सरोजबाईंनी पिशवीचे बंद मुठीत आवळले.

"तुझ्या एक कानाखाली द्यावीशी वाटतेय मला," सरोजबाई म्हणाल्या. "बेचाळीस वर्षांची घोडी झालीस, तरी."

"दे."

"कुल्फीसाठी नाही ग! पंधरा वर्षांची होतीस, उन्हाळा होता, कुल्फी मागितलीस. ट्रक काही तू चालवत नव्हतीस. घाबरून खोटं बोललीस, तेही एक वेळ मी गिळीन. पण हे सत्तावीस वर्षं त्या पोराला 'न सांगता गेला, न सांगता गेला' म्हणत राहिले. मेलेल्या पोराला! आणि तू समोर बसून ऐकून घेतलंस. कसं ऐकवलं ग तुला?"

देवयानीला ऐकवत नव्हतं, आणि तरी ऐकलं होतं. एवढंच खरं होतं.

"आणि मी तरी कोण मोठी लागून गेले," सरोजबाई हळू म्हणाल्या. "तीन आठवडे झाले मला कळून. तीन आठवडे तेच वाक्य मीही ऐकून घेतलं. वाटलं, तू होऊन सांगशील. त्या दिवशी यांनी तो फोटो शेजारी धरला, आणि माझ्या हातून वाटी पडली."

फाटकाची कडी वाजली. दोघी दचकल्या.

"आले," सरोजबाई उठल्या. "मी सांगणार नाही. तुझं तू सांगायचंस."

७

नरेशरावांचं मशीन डॉक्टरांनी दुरुस्तीला ठेवून घेतलं होतं. त्यामुळे ते आले तेच चिडलेले, आणि ठार बहिरे.

"सोमवारपर्यंत मिळणार नाही म्हणे! तोपर्यंत मी काय..." टीव्ही चालू बघून ते थांबले. "सापडला का? कुणी खेळलं?"

देवयानी त्यांच्यासमोर उभी राहिली. सत्तावीस वर्षं तिने कल्पना केली होती, की कधी सांगायची वेळ आलीच तर बाबांच्या पायाशी बसून, हळूच, कानात सांगू.

"बाबा, सोमू सांगून गेला होता."

"अं?"

"सोमू सांगून गेला होता!"

"मोठ्याने बोल ना जरा!"

"सोमू सांगून गेला होता, बाबा!" ती आता किंचाळत होती. "मला सांगून गेला होता! मीच पाठवलं त्याला! कुल्फी आणायला! मी खोटं बोलले!"

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या वंदनाजी वाकून बघायला लागल्या. "सब ठीक है जी, सरोज भैणजी?"

नरेशराव तसेच उभे होते. ऐकू गेलं होतं, ते चेहऱ्यावरून कळत होतं. मग त्यांनी खुर्ची चाचपली आणि बसले.

"मोठा रस्ता ओलांडू नको म्हटलं होतं मी त्याला," ते म्हणाले.

"कुल्फी पलीकडच्याच मार्केटात मिळायची! मला माहीत होतं, बाबा!"

"सांगून गेला."

"हो!"

"काय म्हणाला जाताना?"

तिने ओरडून सांगितलं. 'आईला सांग हं, मी सांगून गेलोय म्हणून.' सोमूचं वाक्य इतक्या मोठ्याने सांगताना तिची लाज पार संपून गेली.

नरेशरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. लेकीकडे त्यांनी बघितलं नाही. तिला वाटलं, हे आता आपल्याशी कधीच बोलणार नाहीत. बोलू नयेतच.

"कार्टा म्हणायचो मी त्याला," ते म्हणाले. "माझं ऐकत होता तो. माझं ऐकून, सांगून गेला." मग ते उठले आणि खाली वाकून जमिनीवर टीव्हीसमोर बसले, गुडघे कुरकुरत होते तरी. यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं, आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. बॅन्जो दणाणायला लागला.

सरोजबाई सवयीने स्वयंपाकघराकडे वळल्या.

"सरोज, थांब," नरेशराव म्हणाले. "ऐकू दे आज."

त्या थांबल्या. पदर तोंडाला लावून त्यांनी उभ्या उभ्या अख्खी ट्यून ऐकली. संपल्यावर विणकामाच्या पिशवीत हात घातला. लोकरीच्या गुंड्यांखालून खोक्यातला तो दुसरा, कोंबडीचा रिमोट काढला आणि देवयानीच्या हातात दिला.

देवयानी वडिलांपासून हातभर अंतर ठेवून बसली. त्यांनी अंतर कमी केलं नाही आणि तिला उठही म्हटलं नाही.

"सातवा राहिलाय त्याचा," पडद्याकडे बघतच ते म्हणाले. "कोंबडी तू घे."

'स्टार्ट' त्यांनीच दाबलं. हौद आला, वेस आली. नरेशरावांनी गाढव एक पाऊल पुढे नेलं आणि थांबवलं. तपकिरी हॅटखालचे कान हलत होते. देवयानीला पडदा नीट दिसत नव्हता, अंगठा ओला झाला होता, बटण सापडत नव्हतं. ती कोंबडी शेजारी येईपर्यंत नरेशरावांनी गाढव जागचं हलू दिलं नाही.